हात वर केलेल्यांचा फोटो

मार्च महिन्याच्या पहिल्या सोमवारी वस्तीवर पाण्याचा टँकर आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी दुपारी वहिनींचा नाशिकला फोन आला.

वस्ती सिन्नर तालुक्यात आहे. मुख्य गावापासून दीड किलोमीटरवर, माळावर. चौतीस घरं, सगळी बौद्ध, एकमेकांची भावकी नाहीतर सोयरे. माझे वडील नोकरीसाठी तिथून नाशिकरोडला आले आणि आम्ही शहरातले झालो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ काही वर्षांपूर्वी वारला. वहिनी मुलाबरोबर वस्तीवर राहतात. गेल्या निवडणुकीत राखीव जागेवरून त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य झाल्या. त्यांचं वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवीपर्यंत.

फोनवर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली टँकरची. दर उन्हाळ्यात तो मार्चला सुरू होतो आणि पाऊस लागेपर्यंत एक दिवसाआड येतो. तो नाही आला की पाणी शेतातल्या विहिरीवरून आणावं लागतं आणि विहीर ओढ्याच्या पलीकडे आहे. दुसरी गोष्ट सुनेची. सून बाळंतपणाला सिन्नरला माहेरी गेली होती. मुलगी झाली. आता तिनं निरोप पाठवला होता की तान्ह्या पोरीला घरात एकटं टाकून ती विहिरीवर खेपा घालणार नाही. मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. त्यानं आईला मे अखेरची मुदत दिली होती. तोवर पाण्याचं काही झालं तर तो बायकोला आणि मुलीला घेऊन येणार होता. नाही झालं तर एमआयडीसीजवळ खोली घेणार होता.

"खोली घेतली म्हंजी गेला तो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तिथून कोणी परत आलेलं मी पाह्यलेलं नाय."

मी तेव्हा निवृत्त झालो होतो. त्याआधीची बरीच वर्षं नाशिकच्या एका दैनिकात जिल्हा आवृत्तीच्या टेबलावर काढली होती. तालुक्यांच्या बातम्या तपासणं, मथळे देणं, फोटोंखाली ओळी लिहिणं हे काम. फोन झाल्यावर पहिली गोष्ट केली ती टेबलावर असताना केली असती तीच. टँकर का बंद झाला हे तहसील कार्यालयात विचारलं. उत्तर दोन मिनिटांत मिळालं. शंभर टक्के नळजोडणी झालेल्या गावाला टँकर मंजूर होत नाही. गाव यादीत आहे. यादी ऑनलाइन आहे, कोणीही पाहू शकतो.

मी पाहिली. घरोघरी नळाच्या योजनेचं पोर्टल मोबाईलवर चांगलं चालतं. जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव निवडायचं. गावापुढे हिरवा रंग होता. आत गेलं की घरवार यादी आणि प्रत्येक नावापुढे फोटो. नळ बसवले तेव्हाचे. प्रत्येक फोटोत एक बाई नळावर हात ठेवून उभी. वहिनींच्या अंगावर मुलाच्या लग्नातली साडी होती. फोटो काढायला येणार म्हणून वस्तीतल्या सगळ्याच बायका चांगल्या साड्या नेसल्या होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. नळ बसले होते. त्यात पाणी कधी आलं नव्हतं. जलकुंभापासून वस्तीपर्यंतची जलवाहिनी ओढ्यापाशी अर्धवट जोडलेली होती आणि जलकुंभात चढवायला पाणीच नव्हतं.

यादीच्या शेवटी 'ग्रामसभेचा ठराव' असं लिहिलेली एक खूण होती. ती दाबल्यावर ठरावाची प्रत उघडली. सदर योजनेचे काम पूर्ण झाले असून सर्व कुटुंबांना नळाद्वारे नियमित पाणी मिळत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून वहिनींचं नाव. त्याखाली पुरावा म्हणून ग्रामसभेचा फोटो. शाळेच्या पटांगणात बसलेली माणसं, पुढच्या दोन ओळींत बायका, आणि जवळजवळ सगळ्यांचे हात वर.

तो फोटो मी काढला होता.

प्रजासत्ताक दिनाला ग्रामसभा होते. त्याच वर्षी जानेवारीत मी गावी होतो, सभेला मागे उभा होतो. पाण्याचा विषय निघाला तेव्हा ग्रामसेवकानं विचारलं, ज्यांच्या घरी नळाला पाणी येत नाही त्यांनी हात वर करा. वस्तीतले सगळे हात वर गेले, गावातलेही बरेच गेले. मी मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. पानावरचा एकही फोटो मी ओळीविना जाऊ दिला नव्हता. ग्रुपवर टाकताना तसं वाटलं नाही. ग्रुपवर सगळे सभेला होतेच.

हे वहिनींना फोनवर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्यात त्या कुठे आहेत. पुढच्या ओळीत डावीकडून तिसऱ्या, असं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेलो. ग्रामसेवक तिशीतला, देवळ्याकडचा, तीन गावांचा कारभार एकटा पाहणारा. त्यानं चहा मागवला. ठराव पोर्टलवर चढवायची शेवटची तारीख जवळ आली होती, तालुक्यावरून रोज फोन येत होते, आणि फोटो जोडल्याशिवाय ठराव पुढे जात नाही, असं त्यानं सांगितलं. त्यानं ग्रुपवरचा फोटो घेतला. तो स्वच्छ होता.

मी म्हणालो, हे हात पाणी येत नाही म्हणून वर केलेले आहेत.

"सर, ॲपला फोटो लागतो," तो म्हणाला. "सभेत काय बोलणं झालं ते ॲपला लागत नाही. आणि फोटो खोटा आहे का? हात यांचेच आहेत."

वहिनींनी ठरावावर आपलं नाव कसं आलं ते विचारलं. त्यानं हजेरीची वही काढली. गावोगाव सह्यांची पद्धत एकच आहे. वही दारात ठेवलेली असते, येणाऱ्यानं आधी सही किंवा अंगठा करायचा, मग आत जाऊन बसायचं. सभेचं इतिवृत्त सवडीनं, चार-आठ दिवसांनी लिहिलं जातं आणि ते या सह्यांना जोडलं जातं. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सह्या आधी घेतल्या नाहीत तर माणसं सभा अर्धी झाल्यावर निघून जातात आणि गणसंख्या भरत नाही. वहीत वहिनींची सही होती. स्वच्छ, पूर्ण नावाची.

"मी सही हजेरीची केली," त्या म्हणाल्या. "ठरावाची नाय."

"सदस्य आहात ना बाई तुम्ही. सूचक सदस्यच लागतो. सरपंच अध्यक्ष असल्यावर ते सूचक कसे होतील?"

हे त्यानं उद्धटपणे म्हटलं नाही. समजावून सांगितलं.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं की आता कायदा काय म्हणतो. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील, मग दुसरं. शिवाय तक्रारीचं पोर्टल आहे, त्यावर टाकलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती कोणाच्या टेबलावर आहे ते दिसतं.

"दिसतं म्हंजी?" त्यांनी विचारलं.

कोणाकडे पडून आहे ते कळतं, असं सांगितलं.

त्यावर त्या हसल्या. "पडून हाय एवढं तर मला इथं बसूनबी कळतं."

माहितीचा अर्ज त्याच आठवड्यात केला. अर्जदार वहिनी. पाच मुद्दे होते: कामाचं मोजमाप पुस्तक, पूर्णत्वाचा दाखला, पाणी चाचणीचा अहवाल, ग्रामसभेचं इतिवृत्त, फोटोचा स्रोत. मसुदा मी लिहिला. त्या आठवड्यात वस्तीवर काय झालं ते वहिनींकडून कळत राहिलं. विहिरीचं पाणी खाली गेलं. बायकांनी खेपांच्या पाळ्या लावल्या. एका घरानं बैल विकला, कारण त्याला दिवसाला लागणारं पाणी माणसांच्या पाण्याएवढं होतं.

उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. वेळेत. पहिल्या चार मुद्द्यांच्या साक्षांकित प्रती जोडल्या होत्या. मोजमाप पुस्तकात जलवाहिनी पूर्ण होती. दाखला पूर्ण होता. चाचणी समाधानकारक होती. इतिवृत्तात ठराव होता, सूचक वहिनी. प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि 'खरी प्रत' असे शब्द होते. पाचव्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं: फोटो ग्रामस्थांकडून प्राप्त.

पहिलं अपील केलं. पंचायत समितीत सुनावणी झाली. अपिलीय अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मागितलेली माहिती मिळाली की नाही. मिळाली. मग तक्रार कशाबद्दल आहे? माहिती खोटी आहे, असं वहिनी म्हणाल्या. कार्यालयात जी माहिती आहे ती देणं एवढंच या कायद्यात येतं, ती खरी आहे का हे या सुनावणीत तपासता येत नाही, असं अधिकाऱ्यानं सांगितलं. कायद्याप्रमाणे ते बरोबर होतं. दुसरं अपील दाखल केलं. त्याला क्रमांक मिळाला.

तक्रारीच्या पोर्टलवर एप्रिलच्या मध्यावर तक्रार टाकली. ती मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून ग्रामपंचायतीला गेली. हे सगळं पडद्यावर दिसत होतं, प्रत्येक टप्प्याच्या वेळेसह. सहाव्या दिवशी ती ग्रामसेवकाच्या टेबलावर पोचली आणि त्याच दिवशी निकाली निघाली. शेऱ्यात लिहिलं होतं की तक्रारदार स्वतःच ठरावाच्या सूचक आहेत. सोबत हात वर केलेल्यांचा फोटो.

निकाली तक्रारीखाली समाधानी, असमाधानी असे दोन पर्याय असतात. आम्ही असमाधानी निवडलं. त्यामुळे तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या तक्रार दिनाला वहिनी स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. तिथं त्या एक वाक्य बोलल्या, ते मला त्यांच्या मुलाकडून कळलं. तो बरोबर होता. त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, माझी सही खरी हाय, माझा हात खरा हाय, फक्त पाणी खोटं हाय." साहेबांनी प्रत्यक्ष पाहणीचा आदेश दिला. दहा दिवसांत, अभियंत्यामार्फत, वेळ आणि ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंसह.

मुलानं त्या संध्याकाळी सिन्नरला जाऊन बायकोला सांगितलं की पाहणी होणार आहे. तिनं पाळणा बांधायचा दोर कुठे ठेवलाय ते विचारलं, असं वहिनींनी मला कळवलं. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर गेलो. दुपारी चारला विहारात बैठक झाली. साठेक माणसं होती, बहुतेक बायका. पाहणीच्या दिवशी नळयोजनेचा ठेकेदार काय करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावात तसं झालं होतं. जलकुंभ बाहेरून टँकरनं भरायचा, तासाभरासाठी नळ सोडायचे, फोटो काढायचे. वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की उद्या नळाला पाणी आलं तरी कोणी भांडं लावायचं नाही. सगळ्यांनी दारात उभं राहायचं आणि साहेबांना एकच विचारायचं, हे पाणी आलं कुठून. भांडं लावलं की फोटो निघणार, आणि फोटो निघाला की संपलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आन आमी दारात उभं राहिलो की तू माजघरात भरून घेशील. सदस्यीण हायेस तू."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. म्हणाल्या, "आत्याबाई, तुमचा हंडा माझ्या घरात ठेवा अन् माझा तुमच्या. मग तर झालं?"

हात वर करून शपथ घ्यायची का, असं कोणीतरी विचारलं. हात आता वर करायचा नाही, असं दुसरीनं म्हटलं. पुन्हा हसणं झालं. बैठक पंधरा मिनिटांत संपली. मी फोटो काढला नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी मुलगा रात्रपाळी करून मोटारसायकलवर परत येत होता. साडेसहाला त्याला जलकुंभापाशी दोन टँकर रिकामे होताना दिसले. त्यानं मोबाईलवर चित्रण केलं. एक मिनिट दहा सेकंदांचं. त्यात टँकर, नळी आणि जलकुंभाची शिडी स्पष्ट दिसते.

ओढ्यापाशी जलवाहिनीचा तुटलेला भाग रबरी नळीनं जोडला होता. तो मी स्वतः पाहिला.

अभियंता दहा वाजून वीस मिनिटांनी आला. तरुण, सौम्य बोलणारा. सोबत ग्रामसेवक आणि ठेकेदाराचा एक माणूस. बायका दारात उभ्या होत्या. हातात काही नव्हतं. अभियंत्यानं नमस्कार केला आणि पाणी किती वाजता सोडतात असं विचारलं. सोडतच नाहीत, असं तीन-चार जणींनी एकदम सांगितलं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. मुलानं चित्रण दाखवलं. अभियंत्यानं ते पूर्ण पाहिलं आणि ग्रामसेवकाकडे वळून हे काय आहे ते विचारलं. ग्रामसेवक म्हणाला की चाचणीसाठी जलकुंभ भरला. तेही त्यानं लिहून घेतलं.

दहा पस्तीसला नळांना पाणी आलं.

आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. चौतीस नळ एकदम सुरू झाले. बहुतेकांना तोट्या नव्हत्या, गेल्या वर्षी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या तोट्या उन्हानं तडकून गेल्या होत्या. पाणी जमिनीवर पडू लागलं आणि उतारानं वाहू लागलं. दोन-तीन मिनिटं कोणी हललं नाही. अभियंता मोबाईल हातात घेऊन उभा होता. त्यानं फोटो काढला नव्हता. बैठकीतल्या त्या म्हातारीनं, आत्याबाईंनी, वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवून नाही म्हटलं.

मग तिसऱ्या घरातली एक पोरगी, लग्न होऊन नुकतीच आलेली, कळशी घेऊन बाहेर आली. तिची सासू तिला ओरडली. पोरगीनं कळशी लावलीच. त्यानंतर सगळे धावले. हंडे, बादल्या, पातेली, तेलाचे डबे, एका घरातून लोखंडी पेटी निघाली. म्हातारी परातीनं पाणी उचलून रांजणात ओतत होती.

वहिनी आपल्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर होतो. त्यांच्या नळाचं पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. त्या दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, हंडा आणला आणि नळाखाली ठेवला.

अभियंत्यानं फोटो काढले. वेळ, अक्षांश, रेखांश फोटोवर आपोआप उमटतात. पाणी अकरा वाजून दहा मिनिटांनी थांबलं.

दुपारी मी त्यांच्या घरी जेवलो. घरात भांडं म्हणून रिकामं नव्हतं, वाट्यासुद्धा भरलेल्या होत्या. त्यांनी भाकरी वाढली आणि मी विचारलं नसताना त्याच म्हणाल्या.

"वाया चाललं होतं, भाऊजी."

मुलगा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "आई, आणखी दहा मिनिटं थांबायचं होतं."

"तू उभा राहून दाखव," त्या म्हणाल्या.

अहवाल तिसऱ्या दिवशी पोर्टलवर आला. दीड पानांचा. ग्रामस्थांचं म्हणणं त्यात नोंदवलेलं आहे: पाणी नियमित येत नाही. चाचणीसाठी जलकुंभ भरल्याचा उल्लेख आहे. निष्कर्ष असा की पाहणीच्या वेळी सर्व जोडण्यांना पुरेशा दाबानं पाणी सुरू असल्याचं आढळलं आणि ग्रामस्थ पाणी भरत होते. अहवालात खोटं वाक्य शोधलं. सापडलं नाही. सहा फोटो जोडलेले आहेत. चौथ्या फोटोत वहिनी वाकून हंडा धरून आहेत.

तक्रार पुन्हा निकाली निघाली. या वेळी समाधानी-असमाधानीचे पर्याय आले नाहीत. ते एकदाच मिळतात.

मी जुन्या दैनिकात फोन केला. टेबलावरच्या मुलीनं व्यवस्थित ऐकलं, मुलाचं चित्रण मागवून घेतलं आणि दुसरी बाजू घ्यावी लागेल असं म्हटलं. मी तिच्या जागी तेच म्हटलं असतं. दोन दिवसांनी तालुका पानावर एक कॉलम बातमी आली. तक्रारीनंतर पाहणी, वस्तीला नळानं पाणी असल्याचं स्पष्ट, पाणी टँकरनं भरल्याचा ग्रामस्थांचा आरोप. सोबत पाणीपुरवठा विभागानं पाठवलेला फोटो, खाली ओळ: वस्तीवर नळाचे पाणी भरताना महिला.

टँकरसाठी तहसीलकडे नव्यानं अर्ज केला. तो अहवालाचा हवाला देऊन परत आला. दुसरं अपील प्रलंबित आहे. त्याचा क्रमांक टाकला की तसं दिसतं. सुनावणीची तारीख लागलेली नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वहिनींच्या मुलानं एमआयडीसीच्या मागच्या बाजूला खोली घेतली. सामान नेण्यासाठी छोटा टेंपो आणला होता. वहिनींना बरोबर यायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत. नवीन रेशनकार्ड काढायचं तर जुन्यावरची नावं आधी कमी करावी लागतात. त्यानं वस्तीवरच्या कार्डावरून स्वतःचं आणि बायकोचं, अशी दोन नावं कमी करण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. मुलीचं नाव त्या कार्डावर चढलेलं नव्हतं.

अर्ज पाचव्या दिवशी मंजूर झाला. वहिनींच्या मोबाईलवर तसा संदेश आला.